खोक्यात बंद राहिलेलं उत्तर: उत्पन्नाची हमी आणि डॉफिन शहराची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोललोय तसंच ठेवलंय, फक्त मधले "म्हणजे बघा" थोडे कमी केलेत.

आजचा प्रश्न तसा सोपा आहे. समजा, सरकारने उद्या जाहीर केलं की कुठल्याही घराचं उत्पन्न एका ठरावीक रकमेच्या खाली जाऊ देणार नाही, कमी पडेल तेवढं आम्ही भरू. तर काय होईल?

हा प्रश्न कट्ट्यावर टाकून बघा. दोन मिनिटांत दोन गट पडतात. एक गट म्हणतो, "फुकट मिळालं की काम कोण करणार? सगळे आळशी होतील." दुसरा म्हणतो, "उद्याच्या जेवणाची चिंता मिटली की माणूस उलट नीट काम करेल." दोघंही छातीठोकपणे बोलतात. पुरावा विचारला तर एकाच्या गावातला कुणीतरी ऐतखाऊ चुलतभाऊ निघतो आणि दुसऱ्याच्या गल्लीतली कुणीतरी कष्टाळू मावशी. बस. संपली चर्चा.

गंमत अशी की या प्रश्नावर खरेखुरे प्रयोग झालेत. त्यातला एक पन्नास वर्षांपूर्वी कॅनडातल्या एका छोट्या शहरात झाला. अख्खं शहर त्यात होतं. सरकारने पैसा ओतला, हजारो फॉर्म भरून घेतले आणि मग उत्तर न वाचताच सगळे कागद खोक्यांत भरून ठेवून दिले. पुढची जवळजवळ तीन दशकं त्या शहराचं नेमकं काय झालं हे कुणी नीट पाहिलंच नाही.

आजचा भाग त्या खोक्यांवर आहे. उत्पन्नाची हमी द्यावी की नाही, हे मी आज सांगणार नाही. माझं म्हणणं त्याच्या एक पायरी अलीकडचं आहे: ही कल्पना इतकी मोठी आहे की तिचा नीट, शेवटपर्यंत अभ्यास व्हायलाच हवा. अभ्यास अर्धवट सोडला की काय किंमत मोजावी लागते, ते डॉफिनकडे बघून कळतं.

आधी कल्पना समजून घेऊ

उत्पन्नाची हमी म्हणजे सगळ्यांच्या खात्यात सरसकट सारखे पैसे, असं नाही. ती वेगळी कल्पना. इथे हिशोब असा असतो. समजा हमी आहे महिना १०,००० रुपयांची. तुमची कमाई शून्य असेल तर सरकार पूर्ण १०,००० देईल. तुम्ही ८,००० कमावले तर? त्याच्या निम्मे, म्हणजे ४,००० सरकार आपल्या मदतीतून कापेल आणि ६,००० देईल. तुमच्या हातात एकूण १४,०००. तुम्ही २०,००० कमावू लागलात की सरकारी मदत शून्यावर येते.

यातली मेख लक्षात घ्या. जितकं जास्त कमवाल तितकं हातात जास्तच येतं. जुन्या पद्धतीच्या गरीब-साहाय्य योजनांमध्ये अनेकदा असं होतं की तुम्ही एक रुपया कमावला की मदतीतला एक रुपया कापला जायचा. मग काम करायचं कशाला? लोक आळशी म्हणून नाही, हिशोबी म्हणून घरी बसायचे.

अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९६२ च्या आपल्या पुस्तकात हीच कल्पना "उलटा आयकर" म्हणून मांडली. ठरावीक उत्पन्नाच्या वर असाल तर तुम्ही सरकारला कर द्या, खाली असाल तर सरकार तुम्हाला देईल. आता फ्रीडमन म्हणजे खुल्या बाजाराचे कट्टर पुरस्कर्ते. त्यांना आवडलं कारण डझनभर सरकारी योजना आणि त्यांचे बाबू यांच्याऐवजी एकच सरळ हिशोब. डाव्या विचारांच्या लोकांना आवडलं कारण गरिबाला मदतीसाठी कुणासमोर हात पसरावा लागणार नाही. दोन टोकांची माणसं एकाच कल्पनेवर येऊन थांबली, असं रोज होत नाही.

१९६९ मध्ये तर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी चार जणांच्या कुटुंबाला वर्षाला १,६०० डॉलरची हमी देणारी योजनाच मांडली. १९७० मध्ये ती प्रतिनिधीगृहात मंजूरही झाली, पण सिनेटमध्ये अडकली ती अडकलीच. कॅनडातही वारं तेच होतं. १९७१ मध्ये सिनेटर डेव्हिड क्रोल यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने गरिबीवरचा अहवाल दिला आणि उत्पन्नाच्या हमीची शिफारस केली.

पण मूळ शंका जागच्या जागी होती: लोक काम सोडतील का? मग त्या काळात एक फार शहाणपणाची गोष्ट घडली. कुणीतरी म्हणालं, वाद कशाला घालायचा, करून बघू. अमेरिकेत १९६८ मध्ये न्यू जर्सीपासून सुरुवात झाली, मग आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायनाची खेडी, गॅरी शहर, सिॲटल आणि डेन्व्हर. आणि १९७४ मध्ये कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांताचा नंबर लागला.

डॉफिन

मॅनिटोबाचे मुख्यमंत्री, तिकडच्या भाषेत प्रीमियर, होते एडवर्ड श्रायर. केंद्रात पंतप्रधान पिएर ट्रूडो, म्हणजे अलीकडच्या जस्टिन ट्रूडोंचे वडील. दोघांच्या सरकारांनी करार केला. खर्चाचा ७५ टक्के वाटा केंद्राचा, २५ टक्के प्रांताचा. प्रयोगाचं नाव "मिनकम", मिनिमम आणि इन्कम जोडून केलेलं.

प्रयोगाला दोन मुख्य जागा होत्या. राजधानी विनिपेगमध्ये शहरभर विखुरलेली काही कुटुंबं निवडली. वेगवेगळ्या गटांना वेगवेगळी हमी, वेगवेगळी कपात, आणि एक गट तुलनेसाठी मदतीशिवाय. आपल्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत ही सरळ ए-बी टेस्ट.

दुसरी जागा डॉफिन. विनिपेगपासून वायव्येला सुमारे ३०० किलोमीटरवरचं शेतकऱ्यांचं शहर, लोकवस्ती दहा हजारांच्या आसपास. युक्रेनमधून आलेल्या शेतकऱ्यांच्या वंशजांची वस्ती मोठी, हिवाळा हाडं गोठवणारा. इथे मात्र निवड वगैरे काही नाही. ज्याचं उत्पन्न हमीच्या आत येतं, असं शहरातलं कुठलंही कुटुंब मदतीला पात्र.

असं का केलं? कारण विखुरलेल्या कुटुंबांवरून एक गोष्ट कळत नाही. पैसा एकट्यादुकट्याला मिळाला तर तो शेजाऱ्यांपेक्षा वेगळा पडतो. पण हमी सगळ्यांनाच असेल तर गावाचं वागणं बदलतं का? शेजारच्याचा मुलगा कॉलेजात चाललाय हे बघून मीही माझ्या मुलाला पाठवतो का? खरी योजना आली तर ती सगळ्यांनाच लागू होणार ना. म्हणून एक अख्खं शहर.

हमीची रक्कम होती कॅनडाच्या सांख्यिकी विभागाने ठरवलेल्या कमी उत्पन्नाच्या रेषेच्या ६० टक्के. घरात काहीच कमाई नसेल तर तेवढी रक्कम. कमावलेल्या प्रत्येक डॉलरमागे मदतीतून ५० सेंट वजा. महागाई वाढली की रक्कमही वाढायची.

एक गोष्ट पुढे कामाला येणार आहे, लक्षात ठेवा. डॉफिनमधल्या बहुसंख्य घरांना एकही चेक आला नाही, कारण त्यांची कमाई पुरेशी होती. पण हमी त्यांनाही होतीच. गव्हाचं पीक गेलं, दुकान बसलं, नवरा आजारी पडला तर खाली जाळी आहे, हे त्यांना माहीत होतं. शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. उत्पन्न कमी असणं एक, आणि उत्पन्नाचा भरवसा नसणं दुसरं. रात्रीची झोप बऱ्याचदा दुसऱ्याने उडते.

आणि मग खोकी

१९७५ पासून तीन वर्षं पैसे वाटले गेले. पण तोवर दुनिया बदलली होती. तेलाचे भाव भडकलेले, महागाई आणि बेकारी दोन्ही वर. हमीची रक्कम महागाईला बांधलेली असल्यामुळे खर्च वाढत चालला. एकूण खर्च सुमारे १ कोटी ७० लाख कॅनेडियन डॉलर झाला. पैसा देण्यातच तिजोरी रिकामी व्हायला लागल्यावर कात्री कुठे लागली असेल? विश्लेषणावर. माहिती गोळा करायची, पण तिचा अभ्यास नंतर बघू.

तो "नंतर" आलाच नाही. १९७७ मध्ये मॅनिटोबात सत्ता बदलली. १९७९ मध्ये केंद्रातही बदलली. नव्या सरकारांना जुन्यांच्या प्रयोगात रस नव्हता. १९७९ मध्ये प्रकल्प बंद झाला. अंतिम अहवाल नाही. कुटुंबांच्या मुलाखती, उत्पन्नाचे फॉर्म, प्रश्नावल्या, सगळं सुमारे १,८०० खोक्यांत भरून गोदामात गेलं.

तुम्ही कधी सर्व्हरवर महिनोन्‌महिने लॉग जमा होताना पाहिले असतील तर हे दृश्य ओळखीचं वाटेल. साठवायचं सगळं, उघडून बघायचं काहीच नाही. फरक इतकाच की इथे लॉगमध्ये माणसांची तीन वर्षं होती.

पहिलं उत्तर: लोकांनी काम सोडलं का?

१९८० च्या दशकात मॅनिटोबा विद्यापीठातल्या संशोधकांनी विनिपेगचा भाग संगणकावर चढवला. डेरेक हम आणि वेन सिम्पसन या अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला. निष्कर्ष: पुरुषांच्या कामाच्या तासांत घट सुमारे १ टक्का. विवाहित स्त्रियांमध्ये सुमारे ३ टक्के, अविवाहित स्त्रियांमध्ये सुमारे ५ टक्के.

म्हणजे काम थोडं कमी झालं का? हो. सगळे खाटेवर आडवे पडले का? अजिबात नाही.

पण एवढ्यावर टाळ्या वाजवून थांबलो तर आपणही कट्ट्यावरच्या एका गटात जाऊन बसू. डॉफिनची आकडेवारी फार उशिरा तपासली गेली. समाजशास्त्रज्ञ डेव्हिड कॅल्निट्स्की आणि त्यांचे सहकारी जोनाथन लॅटनर यांचा अभ्यास २०१७ मध्ये आला. त्यात डॉफिनमधला कामातला सहभाग ११.३ टक्के बिंदूंनी घटल्याचं दिसलं. हा आकडा विनिपेगपेक्षा बराच मोठा आहे. त्यातला काही भाग सामूहिक परिणामाचा होता असं त्यांचं विश्लेषण सांगतं. आजूबाजूचे सगळेच हमीखाली असले की माणसं वेगळं वागतात.

हा आकडा हमीच्या समर्थकांना आवडणार नाही आणि विनिपेगचा आकडा विरोधकांना आवडणार नाही. अभ्यासाचं काम हेच तर असतं. अख्खं शहर घेतलं नसतं तर हा फरक कधी दिसलाच नसता.

दुसरं उत्तर: न विचारलेल्या प्रश्नाचं

आता या गोष्टीतला माझा सगळ्यात आवडता भाग. मॅनिटोबा विद्यापीठातल्या अर्थतज्ज्ञ एव्हलिन फर्जे यांनी २००० नंतरच्या दशकात हा विषय हातात घेतला. आरोग्य हे त्यांचं अभ्यासाचं क्षेत्र. १,८०० खोक्यांतले कागद जसेच्या तसे वापरता येतील अशा अवस्थेत नव्हते. मग त्यांनी वेगळाच रस्ता काढला.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून मॅनिटोबात सगळ्यांना सरकारी आरोग्य विमा होता. म्हणजे प्रत्येक माणूस दवाखान्यात कधी गेला, कशासाठी दाखल झाला, याची नोंद सरकारकडे आधीच होती. या नोंदी मिनकमसाठी ठेवलेल्याच नव्हत्या. फर्जे यांनी नावं न उघडता डॉफिनच्या लोकांच्या नोंदी घेतल्या. प्रांतातल्या इतर भागांतून वय, लिंग, कुटुंबाचा आणि गावाचा प्रकार जुळणारी माणसं शोधली. आणि दोघांची तुलना केली.

२०११ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. तुलनेतल्या लोकांच्या मानाने डॉफिनमध्ये रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाण ८.५ टक्क्यांनी खाली आलं होतं. घट मुख्यतः दोन ठिकाणी होती: अपघात आणि इजा, आणि मानसिक आरोग्याचे त्रास.

जरा थांबून याचा विचार करू. अपघात कशाला कमी होतील? दमलेला माणूस जादा पाळी करतो, मोडकं यंत्र तसंच चालवतो, ताणात गाडी हाकतो, ताणात पितो, ताणात भांडतो. फर्जे यांचे आकडे यातलं नेमकं कुठलं कारण हे दाखवत नाहीत. पण दिशा स्पष्ट आहे. आणि रुग्णालयाचा खर्च सरकारच्याच खिशातून जातो, म्हणजे हमीचा खर्च मोजताना हाही हिशोबात धरायला हवा.

शाळेचंही तसंच. प्रयोगाच्या वर्षांत अकरावीतून बारावीत जाणाऱ्या मुलांचं प्रमाण डॉफिनमध्ये वाढलं. आधी सोळा-सतरा वर्षांचं पोर घराला हातभार म्हणून शेतावर किंवा कारखान्यात जायचं. आता घरचे म्हणू शकत होते, "कर बारावी पूर्ण."

काय बदललं नाही, तेही सांगतो. हमी मिळाली की लोक जास्त मुलं जन्माला घालतील अशी भीती होती. फर्जे यांना तसं काही आढळलं नाही.

आता गंमत बघा. मिनकम आखताना मुख्य प्रश्न होता "लोक काम सोडतील का?" सगळ्यात मोलाचं उत्तर मिळालं "लोक कमी आजारी पडतात का?" या प्रश्नाचं. ते मिळालं कारण कुठल्यातरी वेगळ्याच खात्याने, वेगळ्याच कारणासाठी, नीट नोंदी ठेवल्या होत्या. ही निव्वळ नशिबाची गोष्ट झाली. सार्वजनिक धोरण नशिबावर सोडायचं नसतं.

अर्धवट वाचलं तर काय होतं

अभ्यास न वाचण्यापेक्षा घाईत वाचणं कधीकधी जास्त महागात पडतं. त्याचं उदाहरण अमेरिकेत आहे.

सिॲटल आणि डेन्व्हरच्या प्रयोगातून १९७० च्या दशकाच्या शेवटी बातमी आली की हमी मिळालेल्या जोडप्यांमध्ये घटस्फोट वाढले. झालं! कामाचे आकडे, शाळेचे आकडे सगळे बाजूला. "सरकारी पैशाने संसार मोडतात" एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. निक्सन यांच्या योजनेमागचे प्रमुख शिल्पकार डॅनिएल मॉयनिहन, जे तोवर सिनेटर झाले होते, त्यांनीही जाहीरपणे पाठिंबा मागे घेतला.

पुढे १९९० मध्ये ग्लेन केन आणि डग्लस विसोकर यांनी तोच डेटा पुन्हा तपासला आणि हमीमुळे घटस्फोट वाढले हे त्यातून सिद्ध होत नाही असं म्हटलं. मूळ संशोधकांनी त्यांना उत्तर दिलं. वाद आजही अभ्यासकांच्या जर्नलमध्ये सापडतो. पण तोपर्यंत राजकारणाची गाडी कधीच निघून गेली होती. एका आकड्याला नीट तपासून घ्यायला दहा-बारा वर्षं लागली आणि निर्णय मात्र दहा-बारा दिवसांच्या मथळ्यांवर झाला.

आणि तुम्हाला वाटेल, या लोकांनी यातून काही शिकलं असेल. कॅनडाच्याच ओंटारिओ प्रांतात २०१७ मध्ये पुन्हा असा प्रयोग सुरू झाला. हॅमिल्टन, थंडर बे आणि लिंडसे या भागांतले सुमारे ४,००० लोक. एकट्या माणसाला वर्षाला १६,९८९ डॉलरपर्यंत, कमाईच्या निम्मी रक्कम वजा करून. मुदत तीन वर्षं. २०१८ मध्ये निवडणूक झाली, सरकार बदललं. प्रचारात प्रयोग चालू ठेवू म्हणणाऱ्या पक्षाने सत्तेत आल्यावर महिन्याभरात तो बंद करत असल्याचं जाहीर केलं. मार्च २०१९ मध्ये शेवटचे पैसे गेले. सुरुवातीची पाहणी झाली होती, पण नंतरची, जिच्याशी तुलना करायची, ती झालीच नाही. विद्यापीठातल्या संशोधकांनी आपल्या परीने काही सहभागींशी बोलून माहिती गोळा केली. आधी नोकरीत असलेले तीन-चतुर्थांशांहून जास्त लोक काम करतच राहिले होते, असं त्यात दिसलं. पण ती माहिती वाचवलेल्या तुकड्यांची, मूळ आराखड्यातली नव्हे.

यात माणसांचाही प्रश्न आहे. तीन वर्षं मिळणार या भरवशावर कुणी शिक्षणाला नाव घातलं असेल, कुणी बरं घर भाड्याने घेतलं असेल. प्रयोगात सामील व्हा असं सांगून मध्येच हात काढून घेणं म्हणजे आकड्यांबरोबर माणसांचाही विश्वासघात.

आपल्याकडे काय?

आता घराकडे येऊ, कारण याच वर्षांत महाराष्ट्रात दुसरी एक हमी जन्माला येत होती.

वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव भागात मागेल त्याला काम ही कल्पना छोट्या प्रमाणावर करून पाहिली. १९७२-७३ च्या दुष्काळात ती राज्यभर पसरली. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. म्हणजे मॅनिटोबात उत्पन्नाच्या हमीला कुलूप लागलं त्याच वर्षी महाराष्ट्रात रोजगाराच्या हमीला कायद्याचं बळ मिळालं. या योजनेच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर आणला. तुमच्या पगाराच्या स्लिपमध्ये दर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात ना, ते मूळ तिथले.

दोन्ही कल्पना वेगळ्या आहेत, एक काम देते आणि दुसरी पैसा. पण अभ्यासाच्या बाबतीत फरक बघण्यासारखा आहे. रोजगार हमी टिकली आणि अभ्यासकांनी तिला वर्षानुवर्षं उलटसुलट तपासलं. चांगलं ते लिहिलं आणि वाईटही. १९८८ मध्ये योजनेवरची मजुरी एकदम वाढली, तेव्हा मागेल त्याला काम ही हमी प्रत्यक्षात आखडत गेली, हेसुद्धा अर्थतज्ज्ञांनी आकडे मांडून दाखवलं. २००५ मध्ये संसदेने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा समोर महाराष्ट्राचा जवळजवळ तीन दशकांचा अनुभव होता. मिनकमच्या मागे असा अनुभव उरलाच नाही, उरली ती खोकी.

रोख पैशाचाही प्रयोग आपल्या शेजारी झालाय. २०११-१२ मध्ये 'सेवा' या स्त्रियांच्या संघटनेने युनिसेफच्या मदतीने मध्य प्रदेशातल्या काही गावांत सहा हजारांहून जास्त लोकांना दरमहा थोडे पैसे दिले. सुरुवातीला मोठ्यांना २०० रुपये, मुलांना १००. शेजारची काही गावं तुलनेसाठी ठेवली. लोक आळशी झाले का? अनेकांनी उलट शेळ्या-मेंढ्या घेतल्या आणि मजुरीऐवजी स्वतःच्या शेतात जास्त काम केलं. मुलांच्या पोषणातही फरक दिसला. २०१६-१७ च्या केंद्राच्या आर्थिक पाहणीत मूलभूत उत्पन्नावर स्वतंत्र प्रकरणच लिहिलं गेलं.

आणि आता लाडकी बहीण. २०२४ पासून २१ ते ६५ वयाच्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपेक्षा कमी असलेल्या महिलांना दरमहा १,५०० रुपये. २०२४ मध्ये दोन कोटींहून जास्त महिला यात होत्या. ही काही उत्पन्नाची हमी नव्हे. इथे कमाईप्रमाणे रक्कम बदलत नाही आणि पुरुष यात नाहीत. पण माणसांच्या हातात दर महिन्याला रोख पैसा गेला की काय होतं, हा प्रश्न तोच आहे. फक्त डॉफिन दहा हजारांचं होतं.

या योजनेवर आपण कसे बोलतो? "मतांसाठी खिरापत" किंवा "माऊलींचा सन्मान". परत तोच कट्टा, तेच दोन गट.

त्याऐवजी असं विचारता येईल. ६५ पूर्ण झालेली बाई आणि ६४ ची बाई यांच्या आयुष्यात एरवी फारसा फरक नसतो, पण एकीला पैसे मिळतात आणि दुसरीला नाही. तसंच विशी आणि एकविशीच्या मुलींचं. तुलनेचा गट योजनेच्या नियमांनीच तयार करून ठेवलाय. मग बघू या की दवाखान्यात जाणं वाढलं की कमी झालं? औषधं अर्ध्यावर सोडणं थांबलं का? सावकाराकडचं किंवा बचत गटाचं कर्ज फिटलं का? मुलगी बारावीला बसली का? आणि हो, मजुरीला जाणं कमी झालं का, झालं तर कुणाचं आणि त्या वेळेत ती काय करते? हा शेवटचा प्रश्न टाळायचा नाही. डॉफिनने तेही शिकवलंय.

एक आक्षेप मला माहीत आहे. "अभ्यास करू, समिती नेमू" हे सरकारचं काम पुढे ढकलण्याचं जुनं हत्यार आहे. गरिबाला आज भूक लागलीये आणि तुम्ही सॅम्पल काढत बसलात! आक्षेप खरा आहे. म्हणूनच अभ्यासासाठी योजना थांबवा असं मी म्हणत नाही. योजना चालू असतानाच मोजा. मुदत आधी ठरवा आणि ती निवडणुकीला बांधू नका. मोजणीचा पैसा वाटपाच्या पैशापासून वेगळा ठेवा, म्हणजे महागाई वाढली की पहिली कात्री तिथे लागणार नाही. माणसांची ओळख झाकून डेटा सरकारबाहेरच्या संशोधकांना द्या. आणि अहवाल कुणाला आवडो न आवडो, छापा.

डॉफिनच्या लोकांनी तीन वर्षं इमानदारीने फॉर्म भरले. घरात किती आले, कुठून आले, कोण आजारी आहे, पोरगं शाळेत जातं का. त्यांच्यातल्या अनेकांना त्या फॉर्ममधून काय निघालं हे म्हातारपणी कळलं, काहींना कळलंच नाही. आपल्याकडे दोन कोटी महिलांनी आधार जोडलं, खाती उघडली, रांगेत उभं राहून कागद दिले. त्यांना त्यांचं उत्तर मिळायला तीस वर्षं लागू नयेत.

तुमच्या घरात किंवा ओळखीत कुणाला हे १,५०० रुपये मिळत असतील तर एवढंच करा: ते नेमके कशावर खर्च होतात, हे एकदा निवांत विचारा. उत्तर ऐकून घ्या, मध्ये बोलू नका. पुढच्या भागात भेटूच.